जाहिरातीत माझं नाव नव्हतं

"देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात." नवरा गेला त्या दिवसापासून हे वाक्य मी कोकणीत ऐकलं, मराठीत ऐकलं, इंग्रजीतही ऐकलं. म्हणणाऱ्या कुणाचाच हेतू वाईट नव्हता. पण या वाक्यातला देव मला तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही. दुसऱ्याच्या घरातलं माणूस आवडलं म्हणून उचलून नेणारा हा कसला देव? मरणाने माझी श्रद्धा हलली नव्हती, ती हलवली या सांत्वनाने.

मी मूळची वसईची. आमच्याकडे घरात आमची बोली आणि चर्चमध्ये मराठी. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, मराठीत, गीतं मराठीत. आजी भाकऱ्या थापताना तोंडातल्या तोंडात जपमाळ म्हणायची तीही मराठीत. लग्न होऊन गोव्यातल्या सासष्टी तालुक्यात आले. नवरा तारवटी. जहाजावर नोकरी करणाऱ्याला गोव्यात तारवटी म्हणतात, आणि सासष्टीत प्रत्येक वाड्यावर एखादा तरी तारवटी सापडतोच. हा क्रूझ जहाजाच्या किचनमध्ये होता. आठ-नऊ महिने समुद्रावर, मग दोन-तीन महिने घरी. आमची ओळख मुंबईतली. कॉन्ट्रॅक्ट मिळेपर्यंत तो धोबीतलावला आपल्या गावाच्या कुडीत उतरायचा. (कूड म्हणजे गोव्यातल्या एकेका गावाने मुंबईत आपल्या माणसांसाठी चालवलेलं वसतिगृह. भिंतीला लागून ट्रंका, एका बाजूला प्रार्थनेचा अल्तार, रात्री सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना.) मी तेव्हा चर्चगेटला नोकरी करत होते. त्याच्या घरून लग्नाला होकार आला तो नाइलाजाने. 'मराठी मुलगी' हे एकच विशेषण मला त्या घरात शेवटपर्यंत पुरलं. पुढे मूल झालं नाही, तेव्हा आणखी एक मिळालं. ते कुणी तोंडावर म्हटलं नाही, एवढंच.

सुट्टीवर आला असताना तो गेला. सकाळी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, उंडे घेतले, बाल्कांवात (व्हरांड्यात) बसला. मी चहा ओतायला आत गेले. बाहेर आले तर मान एका बाजूला कललेली. हृदयविकाराचा झटका, असं डॉक्टर म्हणाले. त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. चर्चची घंटा. शेजारच्या घरातून आलेली पेज. ओपमूस हा धार्मिक झगा घालून दारात उभे राहिलेले कोंफ्रारियेचे, म्हणजे चर्चच्या मंडळाचे, लोक. वसईची माणसं रात्रीच्या गाडीने निघून दुसऱ्या दिवशी मडगावला उतरली आणि थेट सिमितेरीवर, म्हणजे दफनभूमीवर, आली. एक गोष्ट मात्र स्पष्ट आठवते. खड्ड्यात मूठभर माती टाकायची वेळ आली तेव्हा सासूबाईंनंतर दिरांनी आपल्या मुलांना पुढे केलं, मग जावेला, मग मला. माझी मूठ तोवर घामाने चिकट झाली होती. माती सुटता सुटेना.

सातव्या दिवसाचं मीस (मिस्साला गोव्यात मीस म्हणतात) झालं, महिन्याचं मीस झालं. महिन्याच्या मिसानंतर घरी जेवण होतं. पाहुणे पांगल्यावर दीर म्हणाले, "आता तू वसईला जा. इथे तुझं कोण आहे?" आवाज चढलेला नव्हता. बसचं तिकीट कुठे मिळतं ते सांगावं तसं सांगितलं. सासूबाई टेबलावरचे काटे गोळा करत होत्या, त्या करतच राहिल्या.

यामागे द्वेष किती आणि भीती किती, हे मला हळूहळू कळलं. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडपासून चालत आलेला नागरी कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मिळकत सामाईक, निम्मी-निम्मी. वारशाने आलेला हिस्साही त्यात येतो. सासरे वारल्यानंतर त्या घराची वाटणी कधी झालीच नव्हती. म्हणजे नवऱ्याच्या वाट्याला जे येईल त्यातला अर्धा भाग माझा. शेजारचा कुणीतरी हे दिरांच्या कानात घालून गेला असणार. तोवर मी नुसती नकोशी सून होते, आता हिस्सेदार झाले. नकोशा सुनेला लोक जेवायला तरी वाढतात.

वसईला मी गेले नाही. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत माझी हिशेबाची नोकरी होती, आणि माहेरी भावाचा संसार दोन खोल्यांत. आई "ये" म्हणाली, भाऊ काही बोलला नाही. तो न बोलल्याचाही मी राग धरला होता, तो आता नाही. त्याच पॅरिशमध्ये, दुसऱ्या वाड्यावर, एका म्हाताऱ्या बाईंच्या घराची मागची खोली भाड्याने घेतली. कपड्यांच्या दोन बॅगा आणि मराठी बायबल. त्याचा जहाजावरचा पांढरा कोट मागितला होता, तो "सापडत नाही" असं उत्तर मिळालं.

पहिलं वर्षश्राद्ध. आम्ही ख्रिस्ती लोक हा शब्द वापरत नाही, पण ऑफिसातल्या सगळ्यांनी तोच वापरला आणि मलाही तोच बरा वाटला. गोव्यात वर्ष झालं की वर्तमानपत्रात फोटोसकट छोटी जाहिरात देतात. 'प्रेमळ स्मृतीस', तारीख, आणि खाली घरच्यांची नावं. रोज एक अख्खं पान अशा चेहऱ्यांचं असतं. त्या दिवशीच्या पानावर आमचाही चेहरा होता. फोटो लग्नातला, कोट-टायमधला. मला कापून काढलं होतं, पण कापणाऱ्याचा हात जरा घाईचा असावा. त्याच्या डाव्या खांद्यावर माझ्या डोक्यावरून सोडलेल्या वेलची, म्हणजे नवरीच्या जाळीच्या ओढणीची, कड तशीच राहिली होती, बोटभर पांढरी जाळी. खाली नावं: आई, भाऊ, वहिनी, पुतणे. माझं नाव नव्हतं.

ते पान मी किती वेळ बघत बसले होते कोण जाणे. शेजारच्या टेबलावर शिरोड्याची मैत्रीण बसते. घरी पिढ्यानपिढ्या भजनाची परंपरा, स्वतः उत्तम गाते. तिने पेपर माझ्या हातातून काढून घेतला, घडी घालून स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि खुर्ची ओढून माझ्या बाजूला बसली. एक शब्द नाही. लंच टाइम संपला तरी बसून होती. साहेब येऊन बघून गेले, तेही काही बोलले नाहीत. नंतर तिला मी म्हटलं, "काही बोलली नाहीस ते बरं केलंस गो." ती म्हणाली, "काय बोलायचं? आमच्याकडे तेराव्यापर्यंत कोणी ना कोणी घरात बसलेलं असतं. बोलत कोणीच नाही."

मला बायबलमधल्या ईयोबाची गोष्ट आठवली. मुलंबाळं, गुरंढोरं, सगळं गेल्यावर त्याचे तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात. त्याचं दुःख फार मोठं आहे हे बघून कोणी एक शब्दही बोलत नाही. संपूर्ण ग्रंथात त्या मित्रांनी केलेलं शहाणपणाचं काम तेवढंच. आठव्या दिवसापासून ते बोलायला लागतात, आणि शेवटी देवच त्यांना सांगतो की तुम्ही माझ्याविषयी खरं बोलला नाहीत. खरं कोण बोलला, तर तक्रार करणारा ईयोब. हे मी लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकले असणार, पण तेव्हा त्यात 'धीर धरा' एवढंच ऐकू आलं होतं.

मिसाला जाणं मी सोडलं नव्हतं, पण खांबामागे बसायचे आणि कोमुन्यांव, म्हणजे प्रसाद घेणं, झालं की निघायचे. लोकांची कुजबुज तर होतीच. शिवाय शांतीची खूण म्हणून एकमेकांना हात द्यायची वेळ आली की जाऊ मान वळवायची, आणि ते बघायला बाकीच्यांच्या माना वळायच्या. एका लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, कन्फेशनला (पापकबुलीला) गेले. आमच्या पॅरिशमध्ये एक निवृत्त फादर मदतीला येतात, वय झालंय, ऐकू कमी येतं, त्यामुळे लोक त्यांच्याकडे जायचं टाळतात. आत बोललेलं बाहेर रांगेत ऐकू जातं. माझं लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी म्हटलं, "फादर, माझा दिरावर राग आहे, सासूवर आहे, आणि त्याहून जास्त देवावर आहे. प्रार्थना जमत नाही."

ते म्हणाले, "बाये, हे जे आता बोललीस ते देवाला मोठ्याने सांग. तीच प्रार्थना." मग प्रायश्चित्त म्हणून त्यांनी बायबलमधल्या स्तोत्रांचे आकडे दिले. 22, 55, 88, 109. रोज एक, मोठ्याने, एकही ओळ न गाळता. "न गाळता" वर त्यांचा भर होता. चर्चमध्ये वाचताना आपण कडू ओळी गाळतो, असं त्यांचं म्हणणं. दीडशे स्तोत्रांपैकी एकतृतीयांशाच्या आसपास विलापाची आहेत, आणि आपण गातो मात्र मेंढपाळाचं आणि हिरव्या कुरणाचंच.

मी विचारलं, "मराठीत वाचलं तर चालेल ना?" ते हसायला लागले. म्हणाले, इथून जवळच रायतूरच्या सेमिनारीत 1616 साली एका इंग्रज जेझुइट पाद्र्याचं पुराण छापलं गेलं. थॉमस स्टीफन्स त्याचं नाव, आणि ते ख्रिस्तपुराण मराठी ओवीत आहे. या सासष्टीतल्या लोकांनी येशूचं चरित्र मराठीत म्हटलेलं आहे. "तू आमच्याकडे उशिरा आलीस एवढंच." त्या दिवसात मला हसू आलेलं आठवतं ते तेवढंच.

अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचलं. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी वळण घेतात, 'तरीही मी तुझं स्तवन करीन' म्हणतात. हे घेत नाही. मित्र आणि सखेसोबती तू माझ्यापासून दूर केलेस, असं म्हणत ते अंधारातच संपतं. हे असं संपणारं गीत ज्या लोकांनी पवित्र ग्रंथात ठेवलं, त्यांना माझ्यासारखी माणसं माहीत होती. मला त्यातून आधार मिळाला तो हाच. पंचावन्नावं आणखी जवळचं निघालं. निंदा करणारा शत्रू असता तर मी सोसलं असतं, पण तो तू, माझ्या बरोबरीचा, ज्याच्यासोबत मी देवाच्या मंदिरात चालत जात असे. रविवारी आम्ही सगळे एकाच गाडीतून चर्चला जायचो. गाडी नवऱ्याच्या पैशांची.

एकशे नववं म्हणजे शिव्याशापांचं स्तोत्र. ते वाचायला मी उत्सुक होते, खोटं कशाला सांगू. दार लावून घेतलं, पंखा मोठा केला, म्हणजे घरमालकीणबाईंना ऐकू जाऊ नये. दिरांचा चेहरा डोळ्यांपुढे आणला आणि सुरुवात केली. त्याचे दिवस थोडे होवोत, चाललं. त्याचा अधिकार दुसरा घेवो, हेही चाललं. पुढची ओळ आली: त्याची मुलं पोरकी होवोत आणि त्याची बायको विधवा होवो.

तिथे माझी जीभ अडली. फादरनी एकही ओळ गाळायची नाही असं सांगितलं होतं, आणि मला ती म्हणता येईना. जाऊ डोळ्यांपुढे आली. बाल्कांवात उभी, हातात चहाचा कप. ते मी कुणालाच देऊ शकत नव्हते, तिलाही नाही. बराच वेळ बसून राहिले. मग ती ओळ मी उलटी करून म्हटली, 'त्याची बायको विधवा न होवो'. माझ्या तोंडून दिरांसाठी निघालेली ती पहिली प्रार्थना. प्रेमाने निघाली असं मी म्हणणार नाही. पण निघाली.

फादरना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणूनच गाळू नको म्हटलं."

त्यानंतर योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय मी इतक्यांदा वाचला की त्या पानाची कड काळी पडली आहे. बेथानीतला लाजर आजारी आहे असा निरोप येशूला मिळतो, आणि तो निघत नाही. आहे तिथेच दोन दिवस थांबतो. पोहोचतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले. लाजराची बहीण मार्था समोर येते आणि पहिलंच वाक्य बोलते ते तक्रारीचं: तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने दुसरी बहीण मरिया येते, तीही शब्दाला शब्द तेच बोलते. दोघी बहिणींनी घरात बसून हे आपापसात कितीदा म्हटलं असेल ते त्यावरून कळतं. येशू त्यांना गप्प करत नाही, 'देवाची इच्छा' म्हणत नाही. तो रडतो.

इथे थांबून विचार करावा असं मला वाटतं. आपण लाजराला आता उठवणार आहोत हे त्याला ठाऊक आहे. तरी रडतो. पुनरुत्थानाची आशा असली की रडायचं नसतं, असं असतं तर या अश्रूंना काही अर्थच राहत नाही. मला रोझरीच्या गटातल्या एका बाईंनी म्हटलं होतं, "इतकं रडतेस, तुझा विश्वास कमी आहे." त्यांना उत्तर मी तेव्हा दिलं नाही. आता असतं.

नाकारलं जाण्याचं दुःख मरणाच्या दुःखापेक्षा वेगळं आहे. मेलेलं माणूस परत येत नाही हे मन कधीतरी मान्य करतं. जिवंत माणसं रोज समोर दिसतात आणि रोज नव्याने परत येत नाहीत. बाजारात, बसमध्ये, चर्चच्या दारात. यावर पहिला उतारा मला मिळाला तो लेंटमधल्या सांतुस पासुसच्या, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या, मिरवणुकीत. रात्रीची वेळ, खांद्यावर क्रूस घेतलेली येशूची मूर्ती एका बाजूने येते, जांभळ्या वस्त्रातली त्याच्या आईची, मरियेची मूर्ती दुसऱ्या बाजूने, मध्ये दोघांची भेट. मोतेत ही भक्तिगीतं गाणारे आणि त्यांच्यासोबत व्हायोलिन. मग वेरोनिका (क्रूस वाहणाऱ्या येशूचा चेहरा पुसणारी बाई) झालेली एक मुलगी स्टुलावर चढून हातातलं कापड उलगडते आणि लॅटिनमध्ये गाते. तिच्या गाण्याचे शब्द बायबलच्या विलापगीत या ग्रंथातले आहेत: वाटेने जाणाऱ्यांनो, माझ्या दुःखासारखं दुःख कुठे आहे का ते पाहा. एवढा गाव, दीर-जावेसकट, त्या मुलीकडे मान वर करून बघत होता. मला वाटलं, माझं वाक्य कुणीतरी भर चौकात गाऊन टाकलं. आणि ज्यांनी मला टाकलं तेही ते उभं राहून ऐकत होते.

त्या रात्री घरी येऊन मी येशूला कोणी कोणी टाकलं ते शुभवर्तमानातून शोधायला बसले. नासरेथच्या लोकांनी, ज्यांच्यात तो वाढला, त्याला कड्यावरून ढकलून द्यायला नेलं. त्याच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. त्याचा शिष्य पेत्र, त्याने तीनदा 'ओळखत नाही' म्हटलं. आणि क्रूसावर बावीसाव्या स्तोत्राची पहिली ओळ: माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? म्हणजे फादरनी मला ज्या ओळीपासून सुरू करायला लावलं, तिथवर तो माझ्याआधी जाऊन आलेला. देव लांबून बघतोय, ही माझी जुनी तक्रार त्यानंतर टिकेना. लांबून बघणाऱ्याला ती ओळ पाठ कशी?

एक गोष्ट सांगून टाकते, कारण ती मला नेहमी ऐकवली जाते. मी इन्व्हेंटरीचा अर्ज केला आहे, म्हणजे वारसा ठरवून वाटणी करून घेण्याचं कोर्टातलं काम. "क्रिस्तांव असून घरच्यांविरुद्ध कोर्टात? क्षमा करायला नको?" असं मला चर्चच्या पायऱ्यांवर विचारलं गेलं. क्षमा मी करते आहे, रोज थोडी, काही दिवशी अजिबात नाही. पण क्षमा म्हणजे कागदावर सही करून हक्क सोडणं, असं शुभवर्तमानात मला कुठे सापडलं नाही. सापडली ती लूकच्या अठराव्या अध्यायातली विधवा. न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसाला जुमानत नाही, आणि ही बाई मला न्याय दे म्हणून त्याच्या दारी जातच राहते, जातच राहते, तो कंटाळून न्याय देईपर्यंत. येशूने प्रार्थना कशी करावी हे शिकवायला तिचंच उदाहरण घेतलं. मडगावच्या कोर्टात बाकावर बसून तारीख पडायची वाट बघताना मला तिची फार सोबत होते.

सायबीण माझ्या खोलीवर आली तो दिवसही सांगायला हवा. पावसाळा सरल्यावर मरियेची मूर्ती वाड्यावर घराघरांतून फिरते. एका घरी रात्रभर राहते, दुसऱ्या संध्याकाळी गात-गात पुढच्या घरी नेतात, तिथे तेर्स म्हणतात, यजमान काहीतरी खायला देतात. भाडेकरूच्या खोलीत सायबीण येत नाही असा काही नियम नाही, पण कोणी आणतही नाही. घरमालकीणबाईंनी परस्पर माझं नाव यादीत घातलं. मी म्हटलं, "आंटी, कोण येणार माझ्याकडे?" त्या म्हणाल्या, "सायबीण येतली. पुरो." मी छोट्या कुकरमध्ये मावतील तेवढे चणे उकडले, खोबरं घातलं, लाल साडी टेबलावर अंथरली, मेणबत्त्या लावल्या.

गाणं ऐकू आलं तेव्हा मी दार उघडलं तर गल्ली भरलेली. आत मावेनात म्हणून मुलं खिडकीच्या गजांना धरून उभी. खांबामागून कधी ज्यांच्याकडे नीट बघितलंही नव्हतं ती सगळी माणसं. तेर्सचं एक दशक, म्हणजे दहा मणी, मराठीत म्हणू दे, असं आंटींनीच जाहीर केलं. माझा आवाज पहिल्या 'पवित्र मरिये'लाच फुटला; आजीचा जप तोंडात आला. पुढे म्हणायला एक जण मागून मराठीत सामील झाला. डिचोलीहून आमच्या गावात जावई म्हणून आलेला आहे, हे मला त्या दिवशी कळलं. चणे अर्थातच संपले. आंटींनी स्वतःच्या घरातून बिस्किटांचे पुडे आणले आणि बशीत माझेच म्हणून वाटले. सासरच्या घरातलं मोठं कोणी आलं नाही. जाऊ रस्त्याच्या पलीकडून मुलाला हाक मारत होती, तो माझ्या खिडकीला लटकलेला होता. हाक दोनदा आली, तो गेला. जाताना मूठभर चणे घेऊन गेला.

लोक विचारतात, आता बरं वाटतं का. वाटतं, आणि नाहीही. माझा विश्वास आज काय आहे ते सांगू शकते. नवरा संपला नाही. ज्याने लाजराला नावाने हाक मारून बाहेर बोलावलं, तो त्यालाही हाक मारणार आहे. माझ्या सगळ्या आशेचं ओझं त्या एका गोष्टीवर आहे. सासरचे मला कधी जवळ करतील यावर नाही. पूर्वी होतं, म्हणून रोज सायंकाळी फोन वाजण्याची वाट बघायचे. आणि दुसरं, उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते, थोमा या शिष्याला त्याने ते दाखवले. म्हणजे माझंही जे झालं ते पुसलं जाणार नाही. मला ते पुसायला नकोच आहे. त्यात माझी लग्नाची वर्षंही आहेत.

आमच्या पॅरिशमध्ये कोणी गेलं की आता आंटी आणि मी जाऊन बसतो. पेज नेतो. बोलत नाही. आंटींना न बोलणं फार जड जातं, म्हणून त्यांच्या हातात जपमाळ द्यावी लागते.

सध्याचा प्रश्न निराळाच आहे. गोव्यातल्या सिमितेरींत जागा कमी. काही वर्षांनी खड्डा उघडतात, अस्थी काढून भिंतीतल्या निशमध्ये (कोनाड्यात) ठेवतात आणि खड्डा पुढच्या माणसाला देतात. आमची पाळी आली तेव्हा मला घरून निरोप नव्हता, सांक्रिस्तांवाने, म्हणजे चर्चच्या सेवकाने, सांगितलं म्हणून कळलं. मी गेले. दीर होते, सासूबाई खुर्चीवर होत्या. खणणाऱ्याने हाडं धुऊन एकेक करून पांढऱ्या कापडावर मांडली. एका क्षणी त्याने 'धरा' म्हणून कापडाची दोन टोकं पुढे केली, दिरांनी एक धरलं, दुसरं मी. सासूबाई म्हणाल्या, "सांभाळून." कोणाला ते माहीत नाही.

निशवर संगमरवरी पाटी बसवायची आहे. दीर म्हणतात, नाव आणि तारखा, इंग्रजीत, बस्स. मला खाली 'पत्नी' म्हणून माझं नाव हवं आहे आणि योहानाच्या अकराव्या अध्यायातली एक ओळ, मराठीत. पाद्रीविगार, म्हणजे आमच्या चर्चचे मुख्य पाद्री, म्हणाले, आधी तुम्ही दोघं एका टेबलावर बसा, मग माझ्याकडे या. दोनदा दिवस ठरला, दोनदा दिरांना काम निघालं. तोपर्यंत निशवर सिमेंट ओलं असताना सांक्रिस्तांवाने काडीने ओढलेला एक नंबर आहे, तो पावसात बुजत चाललाय म्हणून परवा मी त्यालाच पन्नास रुपये देऊन ऑइल पेंटने पुन्हा लिहून घेतला. नाव तो कुणाचंच लिहायला तयार नाही, म्हणाला, तुमच्या घरच्या भांडणात मला नको.